एफ८ कोणी घेतली? मेन्यूच्या शॉर्टकटचे एक प्रकरण

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील मसाला बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर आमचे बिलांचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चालते. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या लहानशा कार्यालयात ते लिहिले गेले असून ते जावाच्या स्विंग या, खिडक्या-मेन्यू-खण बनवण्याच्या, संचावर उभे आहे. मार्चअखेरच्या गर्दीत त्या गाळ्यावर हिशेब पाहणाऱ्या ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “दादा, एफ८ दाबलं की सकाळी नवीन बिल उघडतं, मग दिवसभर उघडतच नाही. कधी कधी तर ती मधली रेघच खालीवर सरकते.” या एका तक्रारीचा माग काढताना आम्ही दोनदा चुकलो, आणि ज्याची तक्रार कोणी केलीच नव्हती असा एक अधिक गंभीर दोष आम्हाला वाटेत सापडला. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

आमच्या मेन्यूतील फंक्शन कळा आम्ही मनाने ठरवलेल्या नव्हत्या. बाजारातले बहुतेक हिशेबनीस टॅलीवर तयार झालेले असतात. तिथे एफ४ वर काँट्रा, एफ५ वर पेमेंट, एफ६ वर जमा पावती, एफ७ वर जर्नल, एफ८ वर विक्री आणि एफ९ वर खरेदी असते. या कळा त्यांच्या बोटांत इतक्या बसलेल्या असतात की त्या दाबताना ते कीबोर्डकडे पाहतही नाहीत. आम्ही तीच मांडणी जशीच्या तशी घेतली आणि प्रत्येक मेन्यू-नोंदीला तिची कळ जोडून दिली. एफ४, एफ५, एफ७ आणि एफ९ यांच्याबद्दल कोणी काही बोलले नव्हते, तक्रार फक्त एफ६ आणि एफ८ यांची होती. एका मेन्यूत, एकाच पद्धतीने जोडलेल्या सहा कळांपैकी नेमक्या दोनच का बिघडाव्यात, हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी स्वतःला विचारायला हवा होता. तो विचारला असता तर पुढचे दहा दिवस वाचले असते.

त्याऐवजी आम्ही फोनवरूनच निदान केले. गाळ्यावर लॅपटॉप आहे हे माहीत होते, आणि अनेक लॅपटॉपांवर वरच्या ओळीतल्या कळांना आवाज, प्रकाश अशी कामे वाटून दिलेली असतात, हेही माहीत होते. त्यामुळे एफएन कळ धरून एफ८ दाबून पाहायला सांगितले. ताईंनी तसे केले आणि त्यावेळी बिल उघडलेही, कारण त्या नुकत्याच सुरुवातीच्या पडद्यावर आल्या होत्या. आम्ही प्रकरण मिटले असे समजलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या साध्या संगणकावर, वेगळ्या कीबोर्डवर, तोच अनुभव घेतल्याचे कळवले, तेव्हा लॅपटॉपवरचा संशय सोडावा लागला.

दुसरी चूक अधिक महागात पडली. गिऱ्हाईक खोळंबले आहे या घाईत आम्ही एक तातडीचा उपाय पाठवला. स्विंगमध्ये कळ कोणत्याही घटकाकडे पोहोचण्याआधी तिला वाटेतच अडवता येते, त्यासाठी कीबोर्ड-फोकस-मॅनेजरकडे आपला एक की-इव्हेंट-डिस्पॅचर नोंदवावा लागतो. तिथे एफ८ दिसली की थेट नवीन बिल उघडायचे, असे आम्ही लिहिले. मात्र ‘ही कळ आम्ही हाताळली, आता पुढे पाठवू नका’ असे सांगणारे ‘ट्रू’ हे उत्तर परत द्यायचे राहिले आणि तिथे ‘फॉल्स’ गेले. परिणामी ज्या पडद्यावर शॉर्टकट मुळात नीट चालत होता, तिथे डिस्पॅचरने एक बिल उघडले, आणि मग कळ नेहमीच्या वाटेने मेन्यूपर्यंत जाऊन दुसरे बिल उघडू लागली. बिलाचा क्रमांक आम्ही बिल उघडतानाच देत होतो. रिकामे बिल बंद केले की तो क्रमांक वाया जायचा. वस्तू व सेवा कराच्या नियम ४६ नुसार बिलांना सलग क्रमांक असावा लागतो. त्यामुळे मधले क्रमांक गळालेले पाहून ताई घाबरल्या, आणि त्यांचे घाबरणे योग्यच होते. त्याच दिवशी हा उपाय मागे घेतला आणि क्रमांक बिल जतन करताना द्यावा असा बदल केला, जो खरे तर पहिल्यापासून तसाच हवा होता.

‘ट्रू’ परत दिले असते तरी तो उपाय चांगला ठरला नसता, असे माझे मत आहे. डिस्पॅचरला कोणती खिडकी उघडी आहे याचे सोयरसुतक नसते. ‘ही नोंद काढून टाकायची का?’ असा प्रश्न पडद्यावर उभा असताना एफ८ दाबली, तर त्या प्रश्नाच्या मागे नवे बिल उघडून बसते. मेन्यूतली नोंद काही कारणाने बंद करून ठेवलेली असली, तरी डिस्पॅचर ती चालवतो. मेन्यूच्या व्यवस्थेने जे नियम आपल्यासाठी सांभाळलेले असतात, ते सगळे मग आपल्याला पुन्हा हाताने लिहावे लागतात.

अखेर ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल धरून तुर्भ्याला उतरलो आणि एक संपूर्ण दुपार गाळ्यावर ताईंच्या मागे बसून काढली. जे पाहायला हवे होते ते पहिल्या पाऊण तासातच दिसले. आम्ही कार्यालयात चाचणी घेताना प्रोग्राम उघडत होतो आणि सुरुवातीच्या पडद्यावर लगेच एफ८ दाबत होतो. ताई मात्र सुरुवातीच्या पडद्यावर जवळजवळ नसतातच. एका बिलात ब्याडगी मिरचीच्या गोण्यांचे वजन भरत असताना समोर दुसरे गिऱ्हाईक येऊन उभे राहते, त्या हातातले बिल जतन करतात आणि कर्सर मालाच्या तक्त्यातच असताना पुढच्या बिलासाठी एफ८ दाबतात. त्या क्षणी चालू खणाभोवतीची चौकट नाहीशी झाली आणि तक्त्याच्या मथळ्यातला ‘वजन’ हा शब्द किंचित वेगळा दिसू लागला. पुढे टाइप केलेले आकडे कुठेच उमटले नाहीत. मग त्यांनी माउसने वरच्या भागातल्या गाडी क्रमांकाच्या खणात क्लिक करून पुन्हा एफ८ दाबली. या वेळी मधली आडवी पट्टी निवडली गेली, आणि त्यांनी खाली जाणारा बाण दाबला तसतशी ती पट्टी थोडी थोडी खाली सरकू लागली. एफ६ चे वागणे याहून वेगळे होते. तक्त्यातून ती दाबली की कर्सर गुपचूप वरच्या भागातल्या पार्टीच्या नावाच्या खणात जायचा, आणि जमा रकमेचे म्हणून टाइप केलेले आकडे नावाला चिकटायचे.

म्हणजे कळ हरवत नव्हती. ती मेन्यूऐवजी दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती पडत होती, आणि तो आपल्या समजुतीप्रमाणे तिचे काम करून मोकळा होत होता.

स्विंगमध्ये कळ कोणत्या वाटेने जाते हे इथे सांगणे आवश्यक आहे, कारण सगळे उत्तर त्या वाटेतच आहे. कळ दाबली की ती सर्वांत आधी फोकस असलेल्या, म्हणजे त्या क्षणी कीबोर्ड ज्याच्या ताब्यात आहे त्या, घटकाकडे जाते. त्या घटकाच्या इनपुटमॅपमध्ये, म्हणजे कळांच्या यादीत, त्या कळीसमोर एखाद्या कृतीचे नाव लिहिलेले आहे का, ते नाव ॲक्शनमॅपमध्ये, म्हणजे कृतींच्या यादीत, सापडते का, आणि ती कृती त्या वेळी चालू आहे का, हे पाहिले जाते. तिन्ही उत्तरे होकारार्थी आली की कृती घडते आणि कळीचा प्रवास तिथेच संपतो. नाही तर कळ त्या घटकाला सामावणाऱ्या घटकाकडे, मग त्याच्याही वरच्या घटकाकडे, अशी एकेक पायरी चढत जाते, आणि प्रत्येक पायरीवर तीच विचारपूस होते. या सगळ्या पायऱ्यांवर कोणीही तिला घेतले नाही, तरच शेवटी संपूर्ण खिडकीसाठी नोंदवलेल्या कळा तपासल्या जातात. मेन्यूच्या शॉर्टकटची पाळी या शेवटच्या टप्प्यावर येते. एफ८ हा आपल्या मेन्यूचा शॉर्टकट आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपण इतकेच म्हणत असतो की वाटेत कोणीच तिच्यावर हक्क सांगितला नाही तर ती आपली.

आमच्या बिलाच्या पडद्यावर दोघे हक्क सांगत होते. मालाचा तक्ता जेटेबल आहे, आणि जेटेबलमध्ये एफ८ ही मथळ्याकडे फोकस नेण्यासाठी, तर एफ२ ही खण संपादित करण्यासाठी मुळातच ठेवलेली असते. वरचा फॉर्म आणि खालचा तक्ता यांना विभागणारा जेस्प्लिटपेन आहे. त्यात एफ६ म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जाणे, आणि एफ८ म्हणजे मधली पट्टी कीबोर्डने सरकवायला सुरुवात करणे. मग प्रत्येक बाणाला ती तीन पिक्सेल सरकते. एफ५, एफ७, एफ९ यांच्यावर या दोघांपैकी कोणाचाही दावा नाही, म्हणून त्या निर्वेध मेन्यूपर्यंत पोहोचत होत्या. सुरुवातीच्या पडद्यावर तक्ताही नाही आणि विभागणीही नाही, म्हणून तिथे एफ८ सुद्धा चालत होती. पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ होते. हे वर्तन दोष म्हणून शिरलेले नाही, ते स्विंगच्या ठरलेल्या रचनेचा भाग आहे. इनपुटमॅप आणि ॲक्शनमॅपची ही पद्धत २००० साली आलेल्या जावा १.३ पासून चालत आलेली आहे.

मात्र गाळ्यावर बसून एवढे अनुमान करणे आणि ते सिद्ध करणे यांत अंतर आहे. दोन चुका झाल्यावर तिसरे अनुमान तपासल्याशिवाय पाठवायचे नाही असे आम्ही ठरवले होते. एक छोटासा तपासनीस लिहिला. एखादी कळ दिली की तो फोकस असलेल्या घटकापासून सुरुवात करून वरवर चढत जातो आणि प्रत्येक घटकापाशी त्या कळीसमोर कोणते नाव आहे व ती कृती चालू आहे का, हे एकेका ओळीत लिहितो. तक्त्यात कर्सर ठेवून त्याला एफ८ विचारली. पहिल्या ओळीत जेटेबल आणि त्यापुढे ‘फोकसहेडर’ हे नाव आले. मग व्ह्यूपोर्ट आणि स्क्रोलपेन या तक्त्याभोवतीच्या आवरणांच्या दोन ओळी रिकाम्या गेल्या. चौथ्या ओळीत जेस्प्लिटपेन आणि त्यापुढे ‘स्टार्टरिसाइज’. म्हणजे तक्त्याकडून कळ सोडवली, तरी तीन पायऱ्या वर दुसरा मालक वाट पाहत उभा होता. हे आधी दिसले नसते, तर आम्ही तक्ता दुरुस्त करून पुन्हा फसलो असतो.

दुरुस्तीतही एक खाच आहे, आणि ती अनेकांना अडवते. आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने तक्त्याच्या इनपुटमॅपमधून एफ८ काढून टाकण्यासाठी ‘रिमूव्ह’ वापरले, पण परिणाम शून्य. कारण ती नोंद तक्त्याच्या स्वतःच्या मॅपमध्ये नसतेच. ती असते त्याच्या पालक मॅपमध्ये, जो लुक-अँड-फीलकडून, म्हणजे घटकांचे रूप आणि वागणे ठरवणाऱ्या स्विंगच्या भागाकडून, येतो. स्वतःच्या मॅपमधून नसलेली गोष्ट काढली, तर शोध पुन्हा पालकाकडे जातो आणि तिथे एफ८ जशीच्या तशी सापडते. उपाय उलटा आहे. काढायचे नाही, लिहायचे. स्वतःच्या मॅपमध्ये एफ८ समोर ‘नन’ असे, म्हणजे ॲक्शनमॅपमध्ये कुठेच नसलेले, नाव लिहिले की शोध तिथेच थांबतो, त्या नावाची कृती सापडत नाही, आणि कळ पुढच्या पायरीकडे जाते. हे तक्त्यावर एफ८ साठी आणि विभागणीवर एफ६ व एफ८ या दोन्हींसाठी केले, तेव्हा दोन्ही कळा मेन्यूपर्यंत पोहोचल्या.

प्रत्येक तक्त्यावर हे लिहीत बसण्याऐवजी यूआय-मॅनेजरकडचा तो पालक मॅपच एकदा बदलावा, अशी सूचना आमच्यातच आली होती. तिथे ‘रिमूव्ह’ चालतेही, कारण नोंद खरोखर तिथेच असते. पण आमच्या प्रोग्राममध्ये वापरणाऱ्याला उजळ आणि गडद रूप मधेच बदलता येते, आणि रूप बदलले की नव्या लुक-अँड-फीलसोबत नवा पालक मॅप येतो व जुनी नोंद परत उगवते. घटकाच्या स्वतःच्या मॅपला मात्र या बदलाचा धक्का लागत नाही. म्हणून आम्ही तक्ता आणि विभागणी यांचे आमचे स्वतःचे दोन वर्ग केले, ‘नन’च्या नोंदी त्यांच्या आत ठेवल्या, आणि सर्व पडद्यांवर तेच वापरायचे ठरवले.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने नोंदवायची आहे. एफ६ आणि एफ८ ही कामे स्विंगने उगाच ठेवलेली नाहीत. ज्यांना माउस वापरता येत नाही, त्यांना पडद्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याचा तोच मार्ग असतो. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्येही एफ६ ने भाग बदलतात. आपल्या सोयीसाठी तो मार्ग बंद करून गप्प बसणे मला मान्य नव्हते. ॲक्शनमॅपमधल्या कृती तशाच शाबूत असतात, त्यामुळे ‘टॉगलफोकस’ हे नाव आम्ही विभागणीच्या मॅपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ६ समोर आणि ‘स्टार्टरिसाइज’ हे कंट्रोल-शिफ्ट-एफ८ समोर लिहिले. काम दोन ओळींचे होते.

तपासनीस हाताशी आल्यावर आम्ही मेन्यूतला प्रत्येक शॉर्टकट प्रत्येक प्रकारच्या खणातून विचारून पाहिला, आणि तिथे ज्याची कोणी तक्रार केली नव्हती तो दोष समोर आला. बिलात हमाली भरण्याची छोटी खिडकी उघडण्यासाठी आम्ही कंट्रोल-एच ठेवली होती. ‘हमाली’चा ‘एच’ म्हणून ती लक्षात ठेवायला सोपी वाटली होती. स्विंगच्या मजकुराच्या खणात मात्र कंट्रोल-एच म्हणजे मागचे अक्षर पुसणे. ॲस्कीच्या काळापासून कंट्रोल-एच हा आठव्या क्रमांकाचा, म्हणजे बॅकस्पेसचा, संकेत आहे आणि ती परंपरा इथपर्यंत आली आहे. आता गाळ्यावरचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. ताई दराच्या खणात १५०० टाइप करतात, कर्सर त्याच खणात असताना हमालीसाठी कंट्रोल-एच दाबतात, हमालीची खिडकी उघडत नाही, आणि दर १५० होतो. खिडकी उघडली नाही हे त्यांच्या लक्षात येते, शून्य गेले हे येतेच असे नाही.

मी ताईंना विचारले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ते चालत नाही म्हणून मी हमालीला माउसच वापरते. पण सुरुवातीला दोन बिलांत दर कमी लागला होता, तेव्हा शेठ माझ्यावर रागावले होते.” एकही शब्द न बोलता आमच्या मेन्यूने त्यांचा हिशेब बिघडवला होता आणि दोष त्यांच्यावर गेला होता. मी तिथेच शेठजींना बोलावून नेमके काय घडले ते पडद्यावर करून दाखवले, कारण ते करणे आमचे काम होते. बंद पडलेल्या शॉर्टकटपेक्षा हा प्रकार कितीतरी वाईट आहे, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

कंट्रोल-एचवर ‘नन’ लिहून ती कळ मेन्यूला मिळवून देता आली असती. आम्ही मुद्दाम तसे केले नाही. उद्या कोणी नवा पडदा लिहील, आमच्या वर्गाऐवजी स्विंगचा साधा खण वापरेल, आणि आकडे पुन्हा गुपचूप पुसले जाऊ लागतील. जिथे पैशाचा आकडा आहे, तिथे शॉर्टकट निवडताना तो चुकून मेन्यूपर्यंत पोहोचला नाही तर काय होईल, हे पाहूनच निवडावा असे आम्ही ठरवले. नवी कळ ताईंनीच सुचवली. “कंट्रोल-एम ठेवा, माथाडीचा एम.” मजकुराच्या खणात किंवा तक्त्यात त्या कळीवर कोणाचा दावा नाही. ती पोहोचली नाही, तर काहीच होणार नाही.

बाकीचे दोन दोष किरकोळ निघाले. विंडोजच्या रूपात कॉम्बो-बॉक्सवर, म्हणजे यादीतून निवडण्याच्या खणावर, एफ४ ने यादी उघडते, त्यामुळे त्या खणातून काँट्रा उघडत नसे. यादी ऑल्ट आणि खाली जाणारा बाण यांनीही उघडते, म्हणून तिथे एफ४ सोडवून घेतली. एफ९ वरची खरेदी मात्र काही दिवशी सकाळी पहिल्यांदा चालत नसे आणि मेन्यू माउसने एकदा उघडला की मग चालू लागे. त्यात इनपुटमॅपचा काही संबंध नव्हता. ती नोंद चालू ठेवायची की बंद, हे आम्ही मेन्यू उघडताना ठरवत होतो, आणि कीबोर्डवरून काम करणारा माणूस मेन्यू उघडतच नाही. आता हा निर्णय नवे आर्थिक वर्ष निवडले जाते त्याच क्षणी होतो.

तपासनीस आता आमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या चाचणीत चालतो. तो प्रत्येक पडदा उघडतो, मेन्यूतल्या प्रत्येक नोंदीची कळ घेतो, फोकस घेऊ शकणाऱ्या प्रत्येक घटकापासून वर चढतो आणि वाटेत चालू असलेली कृती सापडली तर चाचणी नापास करतो. यामुळे चाचणीला थोडा अधिक वेळ लागतो. सुरुवातीच्या पडद्यावर एकदा कळ दाबून ‘चालते’ असे लिहिण्याची आमची जुनी पद्धत मात्र बंद झाली.

एक मागणी आम्ही मान्य केली नाही. गोणीचे वजन भरण्याची खिडकी ही स्वतंत्र डायलॉग आहे, तिला मेन्यू नाही, आणि ती उघडी असताना मुख्य खिडकीच्या मेन्यूचे शॉर्टकट चालत नाहीत. तिथूनही एफ८ ने नवे बिल उघडावे, असे ताईंना हवे होते. मी त्यांना विचारले की अर्धे वजन भरलेले असताना नवे बिल उघडले, तर ते अर्धे वजन ठेवायचे की टाकायचे. त्यांनी क्षणभर समोरच्या गोण्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “नको, राहू द्या. आधी वजन पुरं करते.” त्या खिडकीत एफ८ आजही चालत नाही, आणि चाचणीच्या यादीत तिच्यासमोर ‘मुद्दाम बंद’ असे लिहिलेले आहे.